आवडाआत्याच्या रक्तातले हंडे

"मॅडम, पुटकुळी फोडल्यावर जो पू निघतो, तो जिवंत असतो की मेलेला?"

शिवकन्या औताडेनं हे विचारलं आणि शाळेच्या हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्यापाठोपाठ अख्खी नववी 'ब' खिदळायला लागली. विज्ञानाच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. महेक आणि दिपाली, ज्या दोघींनी ही पैज लावली होती, त्या तर पेन पडल्याचं निमित्त करून बाकाखालीच शिरल्या.

पैज साधी होती. विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला मोठ्या हॉस्पिटलातल्या, रक्त तपासणाऱ्या डॉक्टर येणार होत्या. त्यांना सगळ्यांसमोर हाच प्रश्न विचारायचा. विचारला तर औरंगपुऱ्यात पोट फुटेस्तोवर पाणीपुरी. सहा महिन्यांपूर्वीची शिवकन्या असती तर तिनं पाणीपुरीवर पाणी सोडलं असतं. वर्गात तिचा हात अर्धाच वर जायचा आणि बाईंनी पाहिलं रे पाहिलं की कान खाजवायला लागायचा. पण मधल्या काळात वक्तृत्व स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. स्पर्धेत होत्या चौघीच, पण ही बाब तिच्या मते अगदीच किरकोळ होती. माईकपुढं उभं राहिल्यावर आपला आवाज हॉलच्या पार टोकाला जाऊन परत येतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून घरात, रिक्षात, जिन्यात, कुठंच तो आवाज कमी म्हणून होईना.

आलेल्या डॉक्टरांचं नाव होतं हसीना इनामदार. शहरातल्या छावणी भागात वाढलेल्या, मराठी झकास बोलणाऱ्या आणि मधूनच दखनी उर्दूवर घसरणाऱ्या. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "क्या सवाल है. सकाळपासून मला सगळे एवढंच विचारतायत, की डॉक्टर व्हायला किती टक्के लागतात."

पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशीच, असं त्यांनी सांगितलं. जंतूंशी झुंजायला धावल्या आणि तिथंच पडल्या, अशा. काही अजून धुगधुगीही धरून असतात. हे ऐकल्यावर बाकाखालून महेकचं डोकं वर आलं. आणि आता शिवकन्याच्या तोंडून दुसरा प्रश्न निघाला. तो पैजेत नव्हता.

"मग मॅडम, रक्तात जंतू शिरलेत का हे कळायला पांढऱ्या पेशी मोजल्या की झालं ना? जास्त भरल्या की समजायचं."

"तुमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं?" डॉक्टरांनी उलट विचारलं.

"आठवड्यानं. कधीकधी त्याहून उशिरा."

"आणि ते आलं हे घरात बसून कसं कळतं?"

"बायका हंडे घेऊन दारात येतात. मोटारी सुरू होतात. मग भांडणं."

"आणि हंडे नाहीत, नुसतीच गर्दी दिसली तर?"

"ती काय, लग्नाची पण असते. मिरवणुकीची पण असते."

"बस," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी मोजणं म्हणजे गर्दी मोजणं. मला हातातला हंडा बघायचा असतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एरवी रक्तातून रिकाम्या हातानं फिरत असतात. रक्तात जंतू उतरले की थोड्याच तासांत त्यांच्या अंगावर एक खूण उगवते. तिला म्हणतात सीडी चौसष्ट. फ्लो सायटोमीटर नावाच्या मशीनमध्ये पेशी एकामागोमाग एक रांगेत सोडतात, लेझरचा उजेड टाकतात आणि प्रत्येकीच्या अंगावर ती खूण किती आहे ते बघतात. जंतू वाढवून बघायच्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, ही काही तासांत होते. मात्र सगळीकडे होत नाही, आणि एकटीच्या भरवशावर कुणी राहू नये. कारण सेप्सिस हा जंतूंपेक्षा शरीराच्या गोंधळाचा आजार. राखण करणारेच घर मोडायला लागतात. म्हाताऱ्या माणसांत तर कधी तापही येत नाही. धाप लागते, बोलणं भलतीकडं जातं, हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणतात, वय झालंय.

शिवकन्यानं पाणीपुरी जिंकली, खाल्ली, आणि खाताना महेकला व दिपालीला फ्लो सायटोमीटर इतक्या वेळा समजावला, की पुन्हा तिच्याशी पैज लावायची नाही असं त्या दोघींनी ठरवून टाकलं.

दसरा झाला आणि एका दुपारी गारखेड्यातल्या त्यांच्या घरासमोर तात्यासाहेबांची बोलेरो येऊन उभी राहिली. तात्यासाहेब म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, शिवकन्याचे तात्या. फुलंब्रीच्या पुढं गावी शेती बघतात. त्यांनी आवडाआत्याला चष्म्यासाठी आणलं होतं. आवडाआत्या ही पप्पांची मोठी बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून माहेरच्या गावीच, तात्यांच्या घराला लागून एकटी राहते आणि आपल्या वाटणीचं रान स्वतः कसते.

आत्या आली की तिची एक रीत असे. चपला काढायच्या, कुणाला 'कसं हाय' न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरायचं, डब्यांची झाकणं उघडायची आणि पिठाची चिमूट बोटांत चोळून मम्मीला विचारायचं, "हे पीठ हाय का रांगोळी?" मम्मी दरवेळी चिडायची आणि दरवेळी आत्या येण्याआधी पीठ नव्यानं दळून आणायची.

त्या दिवशी आत्या आत गेलीच नाही. सोफ्यावर बसली आणि डोळे मिटले. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, तळव्याच्या कडेला काळे डाग आणि फोड, वर खोबऱ्याचं तेल चोपडलेलं.

तात्यांनी पाणी पिता पिता हकिकत सांगितली. कपाशीच्या रानात बाभळीचा काटा पायात मोडला. तात्यांनी तो सुईनं काढला आणि वर बिब्बा भरला. दिव्यावर धरलेल्या बिब्ब्याचं उकळतं काळं तेल जखमेत सोडायचं, हा गावाकडचा काट्यावरचा इलाज, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बिब्बा भरावा तर तात्यांनीच. पण या खेपेला बिब्बा उतला, म्हणजे कातडीला सोसला नाही. सूज आली, फोड आले. उतलेल्या बिब्ब्यावर खोबरं लावतात, ते लावलं. गावातल्या दवाखान्यात खाजेसाठी एक इंजेक्शनही दिलं.

"बसतंय आठ दिसांत," तात्या म्हणाले. "ताप नाय, काय नाय. चष्म्याचं तेवढं उरकू."

शिवकन्या आत्याला चिकटून बसली. आत्यानं डोळे किलकिले केले आणि विचारलं, "बैलांला पाणी दावलं का गं?"

बैल विकून बरीच वर्षं झाली होती. तेव्हा शिवकन्या बालवाडीत होती. तात्या हसले. "झोपेत हाय ती."

शिवकन्यानं आत्याचा हात हातात घेतला. तो गार होता आणि चिकट. मग तिची नजर पदरावर गेली. आत्या मघापासून जागची हललीसुद्धा नव्हती, तरी तिचा पदर जिना चढून आलेल्या बाईसारखा भराभरा वर-खाली होत होता. शिवकन्यानं मनातल्या मनात मोजलं. धाप. भलतंच बोलणं. गार हात.

आता बोलायचं म्हणजे तात्यांच्या बिब्ब्यावर बोट ठेवायचं. नववी 'ब'चं हसणं एका तासात संपलं होतं. तात्यांनी हसायचं ठरवलं तर ते तिच्या लग्नापर्यंत पुरवलं असतं. पण आत्याचा पदर थांबत नव्हता.

"तात्या, आत्याला दवाखान्यात न्यायचं."

"नेलं व्हतं की गावात."

"मोठ्या. आत्ता."

"अगं बिब्बा उतलाय तिला. तू काय डॉक्टरीण झालीस का?"

मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आत्याच्या गालाला हात लावला, आत जाऊन गॅस बंद केला आणि पर्स घेऊनच परत आली. "भाऊजी, गाडी काढा," ती म्हणाली. मम्मी औरंगपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक कधी घेणार आणि कधी नुसतं बघणार, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. तिचा तो सूर तात्यांनी पूर्वी ऐकलेला नसावा, कारण त्यांनी मुकाट्यानं चावी उचलली.

हसीना मॅडमच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं आणि भराभर कामाला लागले. सलाईन लागलं, रक्त काढलं, जंतूंवरचं पहिलं औषधही शिरेतून सुरू झालं. मग त्यांनी तात्यांना आणि मम्मीला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंना आयसीयूत ठेवावं लागेल, आणि सर्जन बहुतेक पाय उघडून आत बघतील.

"उघडून" हा शब्द तात्यांना आवडला नाही. सलाईन लावा, सुया द्या, ते सगळं मान्य. पण पायाला शस्त्र लावून देणार नाही. बिब्बा उतल्यावर कुणी पाय फाडतं का? तोवर रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सूज दाखवणारी दुसरी तपासणीही वाढलेली.

"बिब्ब्यानं बी हे वाढतं का?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक होते. वाढू शकतं, म्हणाले. गावात दिलेल्या इंजेक्शनानंही पेशी वाढतात. पण धाप आणि पडलेलं ब्लडप्रेशर बघता आपल्याला हे जंतूंचंच वाटतंय. रक्तातले जंतू वाढवून बघायला दिलेत, त्याला दोन-तीन दिवस लागतील.

"मग झालं तर. तुमालाच पक्कं ठाव नाय. सलाईन संपलं की नेतो म्या तिला."

तेवढ्यात वाळूजच्या कंपनीतून पप्पा तसेच गणवेशात धावत आले. शिवकन्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. पप्पांनी आधी आत्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं, आणि मान खाली घातली. आजोबा गेल्यावर पप्पांचं शिक्षण तात्यांनी केलं होतं. तात्यांचा शब्द पप्पांनी आजवर मोडलेला नव्हता. पडद्यामागं आत्या कुणाला तरी विहिरीवरची मोटर बंद करायला सांगत होती.

शिवकन्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, सीडी चौसष्ट करता येईल का? न्यूट्रोफिलवरचं."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"हसीना मॅडमनी. त्या माझ्या ओळखीच्या आहेत." हे जरा वाढवून सांगितलं होतं, पण वेळच तशी होती.

त्या तपासणीवर वरच्या मजल्यावर अभ्यास चालू होता. डॉक्टरांनी फोन लावला आणि थोड्या वेळात हसीना मॅडम स्वतः खाली आल्या. शिवकन्याला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अरे, ये तो हमारी पूवाली."

"कसली पूवाली?" तात्यांनी विचारलं.

"नंतर सांगते," शिवकन्या म्हणाली.

मॅडमनी आत्याला तपासलं, पाय नीट पाहिला, रक्ताची नळी वर पाठवली आणि तात्यांना फक्त एवढंच विचारलं, की रिपोर्ट येईपर्यंत थांबाल का. तात्या थांबतो म्हणाले. पण त्यात नाही निघालं तर गाडी काढणार, हेही त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

मग बाकावर बसून राहणं आलं. मम्मीनं चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही. शिवकन्याला वाटायला लागलं, खरंच नुसता बिब्बाच असला तर? तात्या जन्मभर सांगत सुटतील, की पोरीनं कसं सगळ्यांना हॉस्पिटलात पळवलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तसं झालं तर किती बरं होईल. सांगू देत जन्मभर. आपण साफ चुकावं, सगळ्यांसमोर चुकावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

ती चुकली नव्हती.

मॅडमनी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं. पडद्यावरच्या आलेखात डावीकडं एक टेकाड होतं, निरोगी माणसाच्या पेशींचं. आवडाबाईंचं टेकाड पार उजवीकडं, म्हणजे जास्त खुणेकडं, सरकलेलं. मॅडम समजावत होत्या, पप्पा मान हलवत होते, पण तात्यांचा चेहरा कोरा होता. तेव्हा शिवकन्याच पुढं झाली. गल्ली, गर्दी, लग्न, मिरवणूक, नळ आणि हंडे, सगळं तिनं सांगितलं. वक्तृत्व स्पर्धेत ती इतकं चांगलं बोलली असती तर पहिला नंबर कुठं जात नव्हता.

तात्या पडद्याकडं बघत राहिले. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "टँकर आलाय. अन् समद्या बाया कळशा घेऊन पळाल्यात."

"हो तात्या."

"अन् म्या म्हणत बसलोय, लगनाची गर्दी हाय."

मॅडम म्हणाल्या, की मशीन काही देव नाही. पण धाप, ब्लडप्रेशर, पाय आणि हे टेकाड, चौघंही एकच सांगतायत. तात्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. "ठिवा तिला. काय उघडायचं ते उघडा. सही कुठं करू?"

पप्पांनी एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारचा कागद हलला.

सर्जननी पाय उघडला तेव्हा तळव्यात खोलवर काट्याचं टोक सापडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, भोवती पू. वरून बिब्ब्यानं कातडी भाजून तोंड बंद केलेलं, त्यामुळं आतलं आतच माजलं होतं, आणि वरची सूज बघून सगळे बिब्ब्यालाच नावं ठेवत होते. तात्यांनी ते टोक बघायला मागितलं. बराच वेळ बघितलं. "माझी सुई तिथवर गेलीच नव्हती," ते म्हणाले, आणि खाली जाऊन अख्ख्या वॉर्डाला पुरतील एवढी केळी घेऊन आले.

पुढचे काही दिवस आयसीयूच्या दारात गेले. वाढवून बघितलेले जंतूही सापडले आणि डॉक्टरांनी औषध नेमकं केलं. मग एका सकाळी मम्मी डबा घेऊन गेली, तर आतून आवाज आला, "ही डाळ हाय का धुण्याचं पाणी?" मम्मी डबा हातात धरून दारातच रडायला लागली. पिठावरून इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या मम्मीला आपण या आवाजासाठी रडू असं स्वप्नातही वाटलं नसतं.

शिवकन्या शाळा सुटली की हॉस्पिटलात. पट्टी करणाऱ्या सिस्टरांच्या मागं उभी राहून तिनं हात कसे धुवायचे, जखम कुठून कुठं पुसायची, कुठला रंग चांगला आणि कुठला दिसला की धावायचं, ते सगळं विचारून घेतलं. शेवटी सिस्टर कंटाळल्या आणि हातमोजे तिच्याच हातात दिले. हसीना मॅडमनी तिला मशीनही दाखवलं. ती समजत होती केवढं तरी असेल, निघालं शिलाई मशीनच्या टेबलाएवढं. ती महेकपाशी याबद्दल बराच वेळ हळहळली.

आत्या घरी आली ती दिवाळीच्या तोंडावर, आणि आल्या आल्या भांडण सुरू झालं. तिला गावी जायचं होतं. कापूस फुटून बोंडं लोंबायला लागली होती. पप्पा म्हणाले, दिवाळी होऊ दे, इथंच राहा. आत्या म्हणाली, "पाय माझा हाय, रान बी माझंच हाय." तात्या म्हणाले, वेचायला बाया लावतो, तिनं नुसतं बांधावर बसून शिव्या द्याव्यात. पण पट्टी रोज बदलायची होती आणि गावात सिस्टर यायची ती आठवड्यातून एकदा. तात्यांनी स्वतःचं नाव घेतलं नाही, कुणी घ्यायलाही धजावलं नाही. मम्मीच्या दुकानात दिवाळीची गर्दी, पप्पांना रजा नाही. आत्याचे डोळे दाराकडं लागले होते.

शिवकन्याला क्लासची दिवाळी बॅच होती. पप्पांनी त्यासाठी सरांना गळ घातली होती. महेकबरोबर वेरूळला जायचंही ठरलं होतं. तिनं आत्याच्या पांढऱ्या पट्टीकडं पाहिलं. काल ती तिनंच बांधली होती आणि सिस्टरांना त्यात काढायला एकही चूक सापडली नव्हती.

"पप्पा, मम्मी," ती म्हणाली, "परवा शाळेला सुट्टी लागतेय. मी आत्याबरोबर गावी जाणार आहे. पट्टी रोज मी बदलीन आणि जखमेचा फोटो रोज डॉक्टरांना पाठवीन. क्लासच्या सरांना मी उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगते, तुम्ही फोन करू नका."